उन्हावर जगणारे

"बाहेर गिळून येता, की माझ्या हातची चव गेली?" बायकोने विचारलं. केळुसकरसर अंगणात उन्हाला तोंड करून बसले होते.

सर समुद्रातल्या एकपेशी जिवांचा अभ्यास करत. हे जीव शेवाळ गिळत, त्यातले हिरवे कण तेवढे जिवंत ठेवत आणि मग नुसत्या उन्हावर जगत. एकदा प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून नमुन्याचं पाणी तोंडाने ओढताना त्यातले काही जीव सरांच्या पोटात गेले. तेव्हापासून त्यांना भूकच नव्हती.

"दोन घास तरी खा." ताट घेऊन ती समोर उभी राहिली.

तिची सावली अंगावर पडली आणि सरांच्या पोटात आगडोंब उसळला. भाताकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताट धरलेल्या तिच्या मनगटावरून नजर हटेना.

"घरात जा, शालन," ते कसेबसे म्हणाले. "आतून कडी लाव."