दोन पाट्या शेण

"वायर उतरवावी लागेल," दळवी साहेब म्हणाले. वीज कंपनीचे हे तरुण इंजिनिअर अवसरी बुद्रुकच्या रस्त्यात मान वर करून उभे होते. भरतच्या गोठ्यातून निघालेली काळी वायर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे रखमाजींच्या घरात शिरत होती.

गोठ्यात भरतचं गोबरगॅसवरचं इंजिन होतं. लोडशेडिंगनं सारं गाव अंधारात बसलं तरी भरतकडं बल्ब पेटायचा, आणि त्याच विजेवर रखमाजींचं वाफेचं मशीन चालायचं. म्हाताऱ्याला जुना दमा. मंचरच्या दवाखान्यात जाऊन पडायला ते तयार नव्हते. मरायचं तर आपल्या घरात, हा हट्ट. ही वायर होती म्हणून तो हट्ट चालला होता. पण गावात कुणाचं बरं चाललं की एखादा तक्रारीचा अर्ज जातोच, तसा तो गेला होता.

"सायेब, तुमची वीज निम्मा दिवस नसती," भरत म्हणाला. "माझ्या शेणाची वीज मी दिली तर कुणाचं काय जातं?"

"स्वतःच्या घरात हवी तेवढी वापरा. दुसऱ्याला विकायचा हक्क फक्त कंपनीचा. कंपनी पुरवत नसली तरी तिचाच." बोलताना साहेबांना स्वतःलाच ते फारसं पटत नसावं. आतून रखमाजींचा खोकला आला तसा त्यांनी आवाज खाली आणला. "विकत नाही ना तुम्ही? शेजारधर्म म्हणून फुकट देताय, एवढं सांगा. मी तसंच लिहितो आणि जातो."

भरतनं चटकन मान हलवली. "फुकटच की!"

रखमाजींची बायको साळुबाई दारात उभी होती. तिला तो शब्द झोंबला. उसनी आणलेली वाटीभर साखरसुद्धा शिगोशीग परत करणारी बाई ती.

"फुकट न्हाई हां, सायेब!" ती तडक पुढं आली. "रोज दोन पाट्या शेण टाकते मी त्याच्या गॅसच्या खड्ड्यात. आमी कुणाचं फुकट घेत न्हाई."

पंच म्हणून बोलावलेले गावातले दोघं बाजूलाच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं. भरतनं कपाळाला हात लावला.

"आजी, हे बोलायला नको होतं," साहेब हळूच म्हणाले. "मोबदला घेतला की ती विक्री."

वायर उतरली. साहेब गेले ते कुणाकडं न बघता.

दुपारी लाईट गेली आणि रखमाजींना धाप लागली. "तात्यांना हिकडं आणा!" भरत ओरडला. चौघांनी खाट उचलली, मशीनही बरोबर घेतलं. खाट रस्त्यावर आलेली पाहून शेजारची लंकाबाई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"अजून हाय मी," रखमाजी खाटेवरून कसंबसं म्हणाले.

गोठ्यात मशीन सुरू झालं. हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला. बोलता आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "घरी कवा?"

"आता हितंच ऱ्हावा, तात्या," भरत म्हणाला. "लाईट कवा जाईल त्याचा नेम न्हाई. दर टायमाला खाट आणूस्तवर उशीर झाला तर?"

साळुबाईला हुंदका आवरला नाही. "माझ्या तोंडानं तुमचं घर सुटलं वं! फुकट म्हनले असते तर काय जीभ झडली असती माझी?"

रखमाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "का म्हनून म्हनायचं? शेण तू वाहिलंस."

मग त्यांनी खाट रस्त्याकडं तोंड करून फिरवून घेतली. पलीकडे त्यांचं घर दिसत होतं. निघताना साळुबाईनं दाराला कडी घातली होती.

"जा, दार उघडून ये," ते म्हणाले. "बंद घर बघवत न्हाई."