पुढची सीट

"मामी, आज मी बसतो पुढं. माझी गाडी, मला तरी ऐकू दे की," असं म्हणत यशराज पुढचं दार उघडून बसलासुद्धा.

संघप्रियाचा हात दारापर्यंत गेला होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. प्रसेनजीत फडक्याला हात पुसत होता. यशराजची पाठ त्याच्याकडं होती, म्हणजे काय बोलणं झालं ते त्याला कळलं नसणार. ती मुकाट्यानं मागं बसली.

यशराजची पांढरी जुनी लान्सर महिनाभर प्रसेनजीतच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात उभी होती. त्यानं सायलेन्सर बदलला, हवेचा फिल्टर मोठा बसवला, स्प्रिंगा खाली घेतल्या आणि काल संध्याकाळी ताकद वाढावी म्हणून इंजिनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढं सरकवलं. रविवारी यशराजला माळावरच्या शर्यतीत उतरायचं होतं. मशीन लावून गाड्या ट्यून करणारे कोल्हापुरात आता पुष्कळ झालेत, पण जपानी गाडी म्हटलं की पोरं अजून प्रसेनजीतकडंच यायची. त्याच्या कानावर त्यांचा भरवसा.

तो कान जाऊन दोन वर्षं झाली होती. हळूहळू गेला, आणि घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. संघप्रिया फक्त प्रत्येक ट्रायलला सोबत येऊ लागली, हवा खायला म्हणून. इंजिन कुरकुरलं की ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि तो ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडायचा. हात का ठेवला, असं त्यानं कधी विचारलं नाही.

शिरोली मागं पडली. सकाळचे दहा वाजले होते आणि सांगली रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. गाडी चालवता चालवता प्रसेनजीतनं मधला आरसा थोडा वळवला. आरशात संघप्रियाला त्याचे डोळे दिसले. तिचा चेहरा त्याला दिसावा म्हणूनच त्यानं आरसा फिरवला होता.

"दाबा मामा!" यशराजनं हातानं खूण केली.

गाडीनं अशी झेप घेतली की संघप्रियाची पाठ सीटला चिकटली. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर, मग सहा. नव्या सायलेन्सरचा घुमारा छातीत बसत होता. त्याच्याखाली, अगदी बारीक, तिला तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय असा. टायमिंग जास्त पुढं गेलं होतं, इंजिन नॉकिंग करत होतं. यशराज खुशीत हसत होता. त्याला तो आवाज वेगळा काढता येत नव्हता.

तिनं आरशात बघून कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली. पण एवढ्या वेगात प्रसेनजीतची नजर रस्त्यावरच होती.

"अवो, सोडा!"

प्रसेनजीतचा पाय हलला नाही.

"सोडा म्हणते ना!" ती किंचाळली. यशराज दचकून मागं वळला. खड्यांचा आवाज आता टणटणीत झाला होता. हात लावावा तर यशराजला सगळं कळणार. न लावावा तर पिस्टनला भोक, आणि ह्या वेगात पुढं काय होईल ते सांगता येत नाही. तिनं दोन सीटांमधून वाकून नवऱ्याचा खांदा गच्च धरला.

पाय सुटला. गाडी हळू झाली.

"नॉकिंग करत हुती," ती यशराजला म्हणाली. "सायलेन्सरचा आवाज केवढा हाय, ह्यांना ऐकू आलं न्हाय."

यशराजनं तिच्या हाताकडं पाहिलं, मग प्रसेनजीतकडं. पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. लान्सर त्यांच्यामागं थांबली, इंजिन संथ चालत होतं. यशराजनं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि साध्या आवाजात म्हणाला, "मामा, बोनेटमधनं धूर येतोय."

धूर कुठंच नव्हता. प्रसेनजीतचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

यशराजनं मागं वळून संघप्रियाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. ट्रॉल्या हलल्यावर प्रसेनजीतनं गाडी मागं वळवली.

गॅरेजसमोर उतरल्यावर यशराज प्रसेनजीतच्या पुढ्यात उभा राहिला. तोंड मोठं उघडत, शब्द तोडत म्हणाला, "मामा, मी शर्यत रद्द केली. गाडी घरला नेतो."

"टायमिंग मागं घेतो की. अर्ध्या तासाचं काम."

"नको मामा. राहू दे." त्यानं वाकून प्रसेनजीतच्या पायाला हात लावला आणि गाडी घेऊन गेला. एवढी ताकद भरलेली गाडी त्यानं गल्लीतनं पाळणा न्यावा तशी नेली.

"धूर येतोय म्हणाला न्हवं?" प्रसेनजीतनं विचारलं. "काचेत तोंड दिसत हुतं त्याचं."

"मग काय बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? ऐकू आलं न्हवतं, ते खरंच हाय की."

तो एका जुन्या टायरवर बसला.  मग खिशातला मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. "कबनूरच्या सयाजीरावांना लाव. उद्या गाडी आणू नका म्हणावं."

"कारण काय सांगू?"

"हाय ते सांग."

गिऱ्हाइकांचे फोन आले की संघप्रिया बाहेर गल्लीत जाऊन, त्याच्याकडं पाठ करून बोलायची. आज तिनं स्टूल ओढलं आणि ती त्याच्या अगदी समोर बसली. सयाजीरावांनी फोन उचलल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली, एकेक शब्द सावकाश, तोंड जरासुद्धा न फिरवता. प्रसेनजीतनं तिच्या ओठांवरची नजर काढली नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.