दक्षिणेकडची भूमी

आई खिडकीशी बसून लेकीच्या नव्या गणवेशाच्या खिशावर तिचं नाव भरत होती. त्या नावानं हाक मारली की आजही आईला वाटायचं, घरात दोघीजणी वळून पाहतात.

लेक भूगोल घोकत होती. "आई, ऐक ना! ऑस्ट्रेलिया म्हणजे दक्षिणेकडची भूमी. तिकडे एक भलीमोठी जमीन असणारच, असं लोक धरूनच चालले होते. कोणी पाहिलीही नव्हती, तरी नकाशावर नाव घालून मोकळे!"

"उतावळे मेले," आई हसली. "मग सापडली का?"

"ती नाहीच सापडली. शोधताना दुसरीच, लहान जमीन हाती लागली. मग ते जुनं नाव तिलाच देऊन टाकलं."

आईची सुई थांबली. लेकीनं दप्तरातून तान्ह्या बाळाचं टोपडं काढलं. त्यावर तेच नाव होतं, आईच्याच हातचं.

"पेटीच्या तळाशी सापडलं. पण मी तर या घरात आले ती तुझं बोट धरून, चालत. तूच सांगतेस ना? मग हे माझ्या डोक्याला कधी बसलं?"

आईनं टोपडं हातात घेतलं. "ती जन्मली आणि डोळे न उघडताच गेली गं. पण तुला काही कमी जीव लावला का मी?"

"छे गं, मुळीच नाही." लेक तिला बिलगली आणि हळूच म्हणाली,

"पण त्या जमिनीवर आधीपासून माणसं होती ना, आई? ती तिला काय म्हणून हाक मारायची?"