डेलियाचा वाफा

सत्तेचाळीस साली नगरच्या कॅम्पातला साहेब विलायतेला गेला आणि त्याचा माळी सहादेव बायकोला घेऊन तिसगावला परतला. येताना बंगल्यातल्या लाल डेलियाचं एक वाळलेलं बोंड आणलं. बंगल्यात त्यानं कायम कंदच लावले होते, त्यांना दर साली तोच रंग येई. घरापुढच्या वाफ्यात बी पेरायची ही पहिलीच खेप. त्याच दिवसांत त्याची बायको चांगुणा बाळंत झाली. पोर घाऱ्या डोळ्यांची. चांगुणा साहेबाकडं भांडी घासायची, गावाच्या जिभेला तेवढं पुरलं. सहादेव पोरीला हात लावेना, बायकोशी बोलेना. सारा दिवस वाफ्यापाशी बसून राही.

थंडीत वाफा फुलला. दोनच झाडं लाल. बाकी पांढरी, पिवळी, जांभळी. चांगुणेनं नवऱ्यापुढं उभं राहून विचारलं, "एकाच बोंडाचं बी हाय. तुमीच पेरलं, तुमीच पानी घातलं. मग ही पिवळी कुनाची वं?"

सहादेवानं एक पिवळं फूल बोटांत धरून निरखलं. "खरं हाय तुजं," म्हणाला.

चांगुणेच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं आत जाऊन चूल पेटवली, त्याच्यासाठी गरम भाकरी थापल्या आणि पदराला हात पुसत त्याला बोलवायला बाहेर आली.

वाफ्यात दोनच लाल झाडं उभी होती. बाकीची मुळासकट उपटून बांधावर फेकलेली.

"अवं, ह्ये काय केलं?"

"भेसळ निंदली," खुरप्याची माती झटकत सहादेव म्हणाला. "पोर कुठं निजवली हाय?"