चांदीचं बोंडलं

वारलेल्या रावसाहेबांचं ठाकूरद्वारचं घर इतिहास मंडळानं लोकांना बघायला उघडलं. त्यांच्या लहानपणाची वस्तू कुणाकडं असेल तर आणून द्या, अशी दवंडीही पिटली. म्हणून मी वरळीच्या कोळीवाड्यातून, ट्रामच्या घोड्यांना चुकवत, पायी गेले. दिवाणखान्यात मखमलीवर तान्ह्या बाळाचं चांदीचं बोंडलं मांडलं होतं. मला वाचता येत नाय, म्हणून मंडळाच्या चिटणिसानं त्याच्याखालची चिठ्ठी वाचून दाखवली. "मातोश्री रावसाहेबांना यातून दूध पाजत असत." माझं डोकंच फिरलं. "साफ खोटं! आये सांगायची, बोंडलं तोंडाशी आणलं की हा पोर रडून घर डोक्यावर घ्यायचा. त्याला माझ्या आयेनं अंगावर पाजलं, दोन वरसं, ह्याच घरात राहून!" चिटणीस हसला. "असेल, बाई. मोठ्या घरांत दाया असायच्याच. त्यांच्या काय चिठ्ठ्या लिहायच्या? तू वस्तू काय आणलीस ते दाखव." मी पदराची गाठ सोडली आणि आयेनं मरेपर्यंत जपलेला शिंपला बोंडल्याशेजारी ठेवला. त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. चिटणिसानं तो दोन बोटांत उचलला. "याला रावसाहेबांनी कधी तोंड लावलं होतं?" "नाय," मी म्हटलं. "आये इथं राहायला आली तेव्हा मी तीन महिन्यांची होते. आजी मला ह्यातनं पेज पाजायची. माझ्या वाट्याचं दूध तुझा रावसाहेब पीत होता."