तापलेल्या विटा

वडील जाऊन महिना झाला आणि थोरल्या मुलाने स्वयंपाकघरातली विटांची चूल पाडायला गवंडी बोलावला. गवंड्याने विटांना हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. "तापलेल्या विटांवर हातोडा चालवत नाही मी. गार झाल्या की बोलवा."

दुसऱ्या दिवशी विटा तापलेल्याच होत्या. तिसऱ्या दिवशीही. आई चूल विझूच देत नव्हती. दिवसभर काही ना काही शिजवायची आणि निजताना निखारे राखेखाली झाकून ठेवायची.

चौथ्या दिवशी गवंडी आला तेव्हा ती चुलीच्या पोटातल्या भट्टीतून पाव काढत होती.

"आई, हट्ट पुरे झाला," थोरला म्हणाला. "गॅस आणायचं ठरलंय. बाबांच्या मागे घरातलं मलाच बघायचंय ना?"

"बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?"

गवंडी मिशीतल्या मिशीत हसला. थोरला वडिलांच्या खुर्चीत बसला आणि त्याने पावासाठी हात पुढे केला. आईने पाव मोडला आणि पहिला घास स्वतःच्याच तोंडात घातला.

"अगं, पहिला पाव घरच्या कर्त्याचा असतो. बाबांना तूच तर द्यायचीस."

"असतोच," आई म्हणाली. तिने घास सावकाश चावून गिळला आणि गवंड्याकडे वळली. "दादा, आता चूल विझू देते. मागची एक वीट सैल झालीय. उद्या येऊन तेवढी बसवून द्या."