सासूबाई आरेला गेल्या तेव्हा

लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच सर्वेशची बदली सीमेवरच्या चौकीवर झाली. तिथे नेटवर्क आलं तर आलं, म्हणून रुचिरा त्याला व्हॉइस मेसेज पाठवून ठेवायची. पण घाटकोपरच्या एवढ्याशा खोलीत, हातभर अंतरावर सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असताना नवऱ्याशी गोड बोलणार तरी कसं? मग ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं अर्थशास्त्रच मोठ्यानं वाचून पाठवायची. महागाईचा धडासुद्धा असा लाडात वाचायची की बस! सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, "आमची सून कशी घोकते बघ!"

परवा सासूबाई बहिणीकडे आरे कॉलनीत गेल्या. रुचिरानं दाराला कडी घातली आणि इतके महिने साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "तुझा शर्ट उशाखाली घेतल्याशिवाय मला झोपच येत नाही रे," इथपर्यंत मजल गेली. वर दोन मुकेही दिले.

काल ती कॉलेजच्या कँटीनमध्ये असताना सर्वेशचा मेसेज आला, "अगं, वाट लागली! तुझा धडा आला की आम्ही सगळे शेकोटीभोवती बसून स्पीकरवर ऐकतो. हाही तसाच लावला ना!

"सुभेदारसाहेब म्हणाले, सूनबाईंना सांग, हे काही परीक्षेला येणार नाही."